अहिल्याची भिंत

माझी नात अहिल्या जेमतेम पाच फूट दोन इंच, आणि तिच्या हाताखालची माणसं दीडदीडशे किलोची. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळात कुणी विचारलं, "काकू, नात काय करते?" की माझा मुलगा चंद्रशेखर मध्येच घाईने "स्पोर्ट्स सायन्स" म्हणतो. बापाला डॉक्टर हवी होती. मी सरळ सांगते, ती अमेरिकन फुटबॉलवाल्यांना धक्के थोपवायला शिकवते.

मी चौथी शिकलेली, मला तिनेच समजावलं. चेंडू फेकणाऱ्यापुढे पाच जण भिंतीसारखे. समोरचे अंगावर येतात, यांनी अडवायचं. नीट अडवलं तर नाव कुणी घेत नाही. चुकलं की सगळं स्टेडियम नावानिशी ओरडतं.

"म्हणजे सूनच की गं!" मी म्हटलं.

ती इथल्या व्यावसायिक टीमची मदतनीस कोच. तिच्या वरचा कोच डनलॅप, तीस वर्षं हेच करतोय. गेल्या उन्हाळ्यात मलाकाय नावाचा खेळाडू आला, मूळचा सामोआ बेटांवरचा. टीम कॉलेजातून खेळाडू निवडतात तेव्हा त्याला कुणी उचललं नव्हतं. ऑगस्टअखेर नव्वदातले त्रेपन्न ठेवतात, बाकीचे घरी.

डनलॅप म्हणाला, "स्लो आहे. जाऊ दे."

"तो स्लो नाही. समोरचा आधी निघतो," अहिल्या म्हणाली.

"का निघतो?"

"शोधते."

तीन आठवडे व्हिडिओ बघितले, हाती काही लागेना. कोच लोक मागे उभे राहून बघतात. ही एक दिवस गवतात मलाकायच्या नाकासमोरच ओणवी झाली, विरुद्ध बाजूच्या खेळाडूसारखी. बाकीचे हसले, "कोच, तो शिंकला तर उडाल!" हिने मान वर केली नाही. आणि तिला दिसलं. पुढे मुसंडी मारायची असली की त्याच्या जमिनीला टेकलेल्या हाताची बोटं दाबाने पांढरी पडायची. मागे सरकत अडवायचं असलं की हात सैल. समोरच्याला सगळं आधीच कळत होतं!

घरी येऊन म्हणाली, "आजी, पापड तळ. भरपूर."

"कोण येतंय?"

"कुणी नाही. मलाकायच्या बोटांखाली ठेवायचेत."

मी कपाळाला हात लावला, पण तळले. हात टेकवायचा आणि पापड मोडायचा नाही. पुढे जायचं असो की मागे, भार तेवढाच. पहिले चार दिवस नुसता चुरा. मलाकाय एकदा घरी आला, उभ्या उभ्या सहा पापड खाल्ले आणि म्हणाला, "आजी, यांच्यावर हात ठेवायचा म्हणजे शिक्षा आहे." नवव्या दिवशी मात्र बारा वेळा वाकला, दहा पापड शाबूत.

शेवटच्या सराव सामन्यात तो वीस वेळा उतरला. एकदाही समोरच्याला आधी कळलं नाही. डनलॅप नुसता "हं" म्हणाला.

मंगळवारी नावं लागली. त्रेपन्नात मलाकाय नव्हता.

अहिल्या घरी आली, ओट्याशी उभी राहून दोन घास खाल्ले. मी म्हटलं, "असू दे गं."

"असू का दे?" ताट तिथेच ठेवून गाडी काढली, परत डनलॅपकडे. टीमला नुसत्या सरावासाठी आणखी सोळा जण ठेवता येतात. सामन्यात बाहेर बसावं लागतं, पण मैदान रोजचं. हिने जुना आणि नवा व्हिडिओ शेजारी शेजारी लावला.

त्याने दोनदा बघितला. "तू फार हट्टी आहेस."

"तुम्ही शिकवलंत."

"एक जागा आहे. पण तो चुकला तर बोल तुला लागेल."

"लागू दे."

बुधवारी दुपारी तिने स्वयंपाकघरातूनच मलाकायला फोन लावून जागा मिळाल्याचं सांगितलं. पलीकडून एवढा मोठा माणूस हुंदके देत होता, मलाही ऐकू आलं. म्हणाला, "कोच, मी बॅग भरली होती."

"मग रिकामी कर," ही म्हणाली. "उद्या सकाळी सहाला ये. हात झाला. आता तुझा डावा पाय बघायचाय."