प्रेमदासभाऊ कॅमेरा तपासतात

प्रेमदासभाऊ दुकानाच्या पायऱ्या चढताना दिसले, की मी आधी चहा सांगतो आणि मग तोंड बंद ठेवायची तयारी करतो. वर्ध्यात माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत कंपन्यांचे कितीतरी साहेब टाय लावून आले आणि चांगला कॅमेरा म्हणजे काय ते मला समजावून गेले. त्यांचं मी ऐकतो आणि विसरतो. पण प्रेमदासभाऊंनी एखादा कॅमेरा नापास केला, की तो माझ्या कपाटात पुढची दोन वर्षं धूळ खातो. कारण पुलगावपासून जामपर्यंतचे लग्नाचे फोटोग्राफर त्यांना विचारल्याशिवाय कॅमेऱ्याची पिशवीसुद्धा घेत नाहीत. असा माणूस माझ्याच नशिबी का आला, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे.

भाऊंचे वडील पुलगावच्या कापडगिरणीत मागावर होते. त्या घरात कापड हातात आलं की आधी धागे बघायचे, भाव मागून विचारायचा. तीच खोड भाऊंनी फोटोत आणली. त्यांचा स्टुडिओ वर्ध्यालगत सिंदी मेघेत, घराच्याच पुढच्या खोलीत. कामं बहुतेक बौद्ध लग्नांची. नवरीची साडी पांढरी, नवरदेवाचा कुर्ता पांढरा, मांडवाचं कापड पांढरं आणि वर वैशाखातलं ऊन. लाल-हिरव्या शालूंवर हात बसलेले भलेभले इथे तोंडघशी पडतात. चेहरे नीट आणायला जावं तर साडीचा चुना होतो आणि साडी सांभाळावी तर चेहऱ्यांचा कोळसा. भाऊंच्या फोटोत साडीचा धागा न् धागा दिसतो आणि नवरीचा रंग तिचा स्वतःचा असतो.

“पोरगी हाय तशीच दिसली पाह्यजे,” ते म्हणतात. “दुधात बुडवून काढल्यावानी नाई.”

कॅमेऱ्यातलं गोरं करणारं बटण त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला असं काही झापलं, की ते बटण जणू मीच घरी बसून तयार केलं होतं.

त्यांची कॅमेरा तपासायची रीत जगात कुठल्या पुस्तकात नसेल. भर दुपारी बारा वाजता सुलोचनावहिनींनी खळ घातलेली पांढरी साडी नेसायची आणि अंगणात चुन्याच्या भिंतीपुढे उभं राहायचं. हातात पोस्टकार्डाएवढा कागद धरायचा. कागदावर काय लिहिलंय ते भाऊंनी आधी पाहायचं नाही. फोटो काढायचा, माझ्या दुकानात आणायचा, कारण माझा पडदा मोठा, आणि तिथे तो कागद वाचून दाखवायचा. साडीचे धागे दिसले आणि कागद वाचता आला तर कॅमेरा पास. दरवेळी मजकूर नवा. “पाठ असलेलं तर कोणीबी वाचते,” असं त्यांचं म्हणणं.

वहिनी अंगणवाडी सेविका. रजिस्टरच्या एका पानात चाळीस पोरं, त्यांची वजनं आणि त्यांच्या आया बसवायची सवय असलेलं त्यांचं अक्षर म्हणजे मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं तसं. शिवाय नवऱ्याला काही सांगायचं असेल तर त्यांना हीच वेळ सापडते. त्यामुळे भाऊंच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी मला माझ्या पडद्यावर मोठ्या करून वाचाव्या लागल्या आहेत. “कॅमेरे सात झाले, मिक्सर एकच.” “आपल्या मेघाच्या सासूले फोन कराचा राह्यला, तुम्हीच इसरले.” एकदा तर नुसतंच, “ऊन लागून राह्यलं. लवकर दाबा.” दुकानात बसलेली गिऱ्हाइकं तोंडावर रुमाल धरायची. भाऊ मात्र गंभीरपणे म्हणायचे, “अक्षर साफ. पास.” आणि आपल्या वहीत तसं लिहून ठेवायचे.

गेल्या लग्नसराईत मात्र गाडी घसरली. जामला एका लग्नात वरमाला पडली, भाऊंनी लागोपाठ अकरा फोटो काढले आणि अकराही फोटोंत नवरीचा चेहरा धुक्यात गेला. मागे उभ्या असलेल्या मामाच्या मिशा मात्र अशा साफ आल्या होत्या, की केस मोजून घ्यावेत. लग्नघरची माणसं भली. “मामा खूश झाला, भाऊ,” एवढंच म्हणाली. पण त्या भलेपणानंच भाऊंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. “ह्या जुन्याचा फोकस मागं पडून राह्यला, अनुप. नवा दे. पण आयक, नवाही असाच निघाला, तर दोष कॅमेऱ्याचा नाई, माहा. मंग मी बोर्ड उतरवतो.”

स्टुडिओचा एकतीस वर्षांचा बोर्ड! मी हसण्यावारी नेलं. पण भाऊ शब्द देतात तेव्हा पाळतात, हे मला माहीत होतं. त्यामुळे कपाटातला सगळ्यात चांगला मिररलेस कॅमेरा काढून त्यांच्या हातात दिला.

“हलका हाय,” त्यांनी पहिला दोष काढला.

“आतला आरसा काढलाय ना, भाऊ. जुन्यात आरसा वरखाली व्हायचा. ह्यात नाही.”

“म्हंजे वस्तू काढून घेतली आन् भाव वाढवला?” त्यांनी डोळा लावला. “अन् हे काय? हा तर टीव्ही हाय.”

“फोटो जसा येणार तसाच आधी दिसतो. आणि माणसाचा डोळा तो आपणहून शोधतो, फोकस तिथेच धरतो. जुन्यासारखा हातानं धरावा लागत नाही.”

“डोळा तो शोधते, तं मी काय करू? पंगतीत जाऊन बसू?”

आठवडाभर त्यांनी त्या कॅमेऱ्याचं जे काही केलं, ते बघून कंपनीच्या साहेबांनी नोकरी सोडली असती. वेग तपासायला शेजारच्या मंदाबाईंना सूप घेऊन बसवलं आणि पाखडताना हवेत उडालेली तुरीची डाळ दाणा-दाणा सुटी येते का ते पाहिलं. आली. मंदाबाईंची सगळी डाळ अंगणभर झाली, ते वेगळं. अंधारातलं काम बघायला कोठीची दारं लावून आत डब्यांचे फोटो काढले. बॅटरी तपासायला कॅमेरा हळदीपासून बिदाईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा चालू ठेवला आणि ती पंगत उठायच्या आधीच संपते, असं मला ऐकवलं. ते खरं होतं. तीन बॅटऱ्या ठेवाव्या लागतात, हे मी मान्य केलं. कॅमेरा आवाज न करताही फोटो काढतो, म्हणून मी कौतुकानं दाखवायला गेलो, तर तेही त्यांना पटलं नाही.

“आवाज नाई झाला तं नवरदेव दात काढून उभाच राहीन ना बाप्पा संध्याकाळलोक!”

हे सगळं गमतीत चाललं होतं. खरी परीक्षा वहिनींच्या कागदाची, आणि तिथे कॅमेरा नापास झाला. “अक्षरं पसरली. पांढरं फुटून राह्यलं. आन् सगळ्यावर पिवळी झाक हाय,” असे तीन दोष त्यांनी वहीत लिहिले. मला पडद्यावर एकही दिसत नव्हता. पण प्रेमदासभाऊंपुढे ‘मला दिसत नाही’ म्हणायची माझी छाती झाली नाही. बावीस वर्षं ज्याच्या नजरेला मान डोलावली, त्याला आता काय सांगणार? मी गुपचूप नागपूरहून दुसरा नग मागवला. तोही नापास, दोष तेच तीन. लेन्स बदलली. नापास.

खरं सांगतो, तेव्हाच मला कळायला हवं होतं. दोन कॅमेरे आणि तीन लेन्सा एकाच रोगानं आजारी पडत नसतात. पण दुकानदार माणूस आधी मालावर संशय घेतो.

शनिवारी दुपारी भाऊ शेवटचा फोटो घेऊन आले. मी कार्ड लावलं, फोटो उघडला, मोठा केला. साडीच्या खळीतली एकेक सुरकुती दिसत होती, पदराची वीण मोजता येत होती. मग कागदावर गेलो. ह्या वेळी तीन ओळी होत्या.

“फोटो साफ हाय. तुम्हाले दिसून नाई राह्यला.

वरीस झालं, बिघडलेले फोटो मीच बाजूले काढून राह्यली. जामचे अकरा नाई लपवता आले.

बोर्ड नका उतरवू. डोळे दाखवा. तोंडानं सांगाचं भेव वाटते.”

भाऊंनी नाक पडद्याला टेकेल इतकं वाकून पाहिलं. “पाह्य. तेच. पांढरं फुटलं.” ते सरळ झाले आणि खिशातून वही काढली. “झालं मंग. उद्या बोर्ड उतरवतो. जुना कॅमेरा तुह्याकडंच ठेवजो, कोणाले लागला तं.”

कागद वाचून दाखवावा तर कॅमेरा पास होतो, म्हणजे माझा माल विकला जातो. मी विक्रीसाठी त्यांच्या डोळ्यांवर ढकलतोय, असं त्यांना वाटलं तर? आणि भाऊंच्या डोळ्यांविषयी बोलायची सोय नव्हतीच. वहिनींनी मागे एकदा चष्म्याचं नाव काढलं होतं, तर हा बाबा दोन दिवस जेवला नव्हता.

“काय लिवलं हाय?” त्यांनी विचारलं. “वाच, तुले दिसत असन तं.”

“दूध संपलं, असं लिहिलंय,” मी म्हणालो.

“दूध संपलं हे लिवाले तीन ओळी? ओळी मले मोजता येतात, अनुप. वाच.”

मी वाचलं. भाऊ स्टुलावर बसले. मग त्यांनी वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली.

“साडीचे धागे दिसून राह्यले?”

“दिसतात.”

“काठापाशी?”

“तिथेही.”

“पिवळं?”

“अजिबात नाही, भाऊ. पांढरं ते पांढरंच आहे.”

त्यांनी वही उघडली, ‘पास’ लिहिलं आणि अक्षर ओळीवर बसलं का ते मला विचारलं. बसलं नव्हतं. “कॅमेरा पास झाला,” ते म्हणाले. “अन् मी?”

मला त्या वेळी रडू यायचंच बाकी होतं. पण रडलो असतो तर तेही रडले असते आणि बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. “तुमचा निकाल राखून ठेवलाय,” मी म्हणालो. तेव्हा कुठे ते हसले.

ते स्कूटरवर आले होते, हे ऐकून मात्र मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा झापलं. किल्ली काढून घेतली आणि मागे बसवून सिंदी मेघेत नेलं. वहिनी दारातच उभ्या होत्या. भाऊंनी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, “शंभरात किती फोटो बाजूले काढत होती?”

“तीस. कधी चाळीस.”

“अन् बाकीचे?”

“बाकीचे तुमचेच,” वहिनी म्हणाल्या. “तसे दुसऱ्याले कोणाले काढता येतात? लोक त्याच्यासाठीच तं येतात.”

भाऊ आत जाऊन हातपाय धुऊन जेवायला बसले. बोर्डाचा विषय पुन्हा निघाला नाही. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला आणि ह्याला एवढा उशीर का केला म्हणून विचारलं. भाऊंनी त्यांना सांगितलं, की आधी दोन कॅमेरे तपासायचे होते.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर महिन्याभरानं ते काळा चष्मा लावून दुकानात आले. “भिंत निळी हाय का तुही? मी तं हिरवी समजत होतो,” म्हणाले. आणि मग, “तो फोटो लाव.”

मी लावला. सवयीनं थेट कागद मोठा केला. त्यांनी चष्मा काढला आणि तिन्ही ओळी वाचल्या, एकही शब्द न अडखळता. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात ते म्हणाले, “आता लहान कर. पुरा दाखव.”

पूर्ण फोटो पडद्यावर आला. पांढरी भिंत, पांढरी साडी आणि मध्ये वहिनींचा चेहरा. ओठ घट्ट मिटलेले, डोळे सरळ कॅमेऱ्यात, आणि कागद धरलेल्या बोटांनी त्याचा कोपरा चुरगाळला होता. भाऊ तो फोटो बघत राहिले. मांडवातला एखादा फोटो त्यांनी इतका वेळ पाहिलेला मला आठवत नाही.

“अनुप,” शेवटी ते म्हणाले, “तू मले धागे सांगतले, अक्षर सांगतलं, पिवळं नाई म्हणून सांगतलं. ती एवढी भेलेली होती, ते काऊन नाई सांगतलं?”

मी तो फोटो चारशे टक्के मोठा करून पाहिला होता. “माझं लक्ष कागदावर होतं, भाऊ,” मी म्हणालो.

“माहंही,” ते म्हणाले. “अन् मी तं चार हातावर उभा होतो.”

मग ते उठले आणि घरी गेले.