बसून मोजलेला श्वास

शिट्टीबाईंनी आयुष्यात एकाही परीक्षेत मार खाल्ला नव्हता, आणि नेमकं तेच त्यांच्या मुळावर आलं.

चौतीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवला. गळ्यात शिट्टी आणि आवाज असा, की शेवटच्या रांगेतला ऐदीसुद्धा ताठ उभा राहायचा. निवृत्तीनंतर फुप्फुसांनी दगा दिला. खुर्चीत बसल्या की ठणठणीत; न्हाणीघरापर्यंत चालल्या की ओठ निळे. डॉक्टरांनी बजावलं, चालताना ऑक्सिजन हवाच, खांद्याला लावायचा छोटा सिलिंडर मिळेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. तो मिळणार होता सरकारी आरोग्य विम्यातून. आणि विम्याचा नियम असा, की माणसाला खुर्चीत बसवायचं, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा, आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली आला तरच मंजुरी.

आता परीक्षा म्हटल्यावर बाई थोड्याच मागे राहतात! पाठ ताठ केली, मुलींना शिकवायच्या तसा नाकाने खोल श्वास घेतला. आकडा आला ब्याण्णव. बाई ऐटीत सुनेकडे बघतायत, आणि सुनेने कपाळावर हात मारून घेतला. अर्ज नामंजूर झाला.

"अहो आई, तिथे पास व्हायचं नव्हतं!" सून रडकुंडीला आली होती. "फेरतपासणीला जरा वाकून बसा, श्वास अर्धाच घ्या. कोण बघतंय?"

"जन्मभर पोरांना कॉपी करू दिली नाही, आता म्हातारपणी स्वतः करू? माझं उत्तर बरोबर आहे. त्यांचा पेपर चुकलाय."

फेरतपासणीच्या मंगळवारी सुनेने त्यांना चाकाच्या खुर्चीतून विमा कार्यालयात नेलं. व्हरांड्यातला बाक माणसांनी भरलेला. त्यातले एक सुतारकाका म्हणाले, "मला तिसऱ्यांदा परत पाठवलं. काय करू, बसलो की मी बरा असतो!" ते ऐकून बाईंचं डोकंच फिरलं.

आत साहेब म्हणाले, "बसून राहा बाई, मोजतो."

"धावायची परीक्षा बसवून घेतात होय? मग माझ्या सगळ्याच मुली पहिल्या आल्या असत्या की!" बाईंनी चिमटा स्वतःच बोटाला लावला, खुर्चीतून उठल्या आणि टक्कल पडलेल्या कारकुनाला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. आकडे मोठ्याने वाचा."

व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. सून रिकामी खुर्ची ढकलत मागे.

"नव्वद," कारकून वाचू लागले. "शहाऐंशी. त्र्याऐंशी." बाईंचे ओठ निळे पडले, पण पाय थांबेनात. टेबलाशी पोचल्या तेव्हा कारकून ओरडलेच, "साहेब, एकोणऐंशी!"

"बसा, बाई, बसा आधी!" साहेब उभे राहिले.

बाई टेबलाची कड धरून उभ्याच. "लिहा," एवढंच कसंबसं म्हणाल्या.

"फॉर्ममध्ये चालण्याचा रकानाच नाही हो."

बाईंनी त्यांच्याच हातातलं पेन घेतलं आणि फॉर्मवर एक वाकडातिकडा रकाना आखला. मगच खुर्चीत कोसळल्या. साहेबांनी त्यात एकोणऐंशी लिहिलं, शिक्का मारला. "तुमच्यापुरता अपवाद करतो," म्हणाले.

बऱ्याच वेळाने बाईंना बोलता आलं. "सिलिंडर घेते. नको म्हणायला मी काही खुळी नाही. पण बाहेर बाक भरलाय, त्यांचं काय?"

"नियम बदलणं माझ्या हातात नाही."

"ज्याच्या हातात असेल त्याच्याकडे पाठवायला सगळ्यांचे चालतानाचे आकडे मी कागदावर जमवते."

पुढच्या मंगळवारी बाई स्वतःच्या पायांनी आल्या. खांद्याला सिलिंडर, नाकाला नळी, गळ्यात शिट्टी. फुंकायला श्वास पुरत नव्हता, म्हणून शिट्टी काढून सुनेच्या हातात दिली. कारकुनाने कागदांवर रकाने आधीच आखून ठेवले होते, तेही पट्टीने.

"सुतारकाका, पहिले तुम्ही. बाकीचे रांगेत!"

शिट्टी वाजली तसे साहेब दारात धावत आले. "बाई, हे काय चाललंय?"

"परीक्षा," बाई म्हणाल्या. "या वेळी तुमची."