अडलेला दट्ट्या

मिस्त्रीचा एक नियम होता आणि त्यावरून सगळे त्याची टर उडवायचे. यंत्र दुरुस्तीला आलं की मालकाला तो एक शब्द विचारायचा नाही. काय झालं, कधी बंद पडलं, कोण चालवत होतं, काही म्हणजे काही नाही! "यंत्र खोटं बोलत नाही, मालक बोलतो," एवढं म्हणायचा आणि लोखंडाला कान लावून बसायचा. बत्तीस वर्षं ह्यावर पोट भरलं. लोक त्याला 'मुका मिस्त्री' म्हणायचे आणि खरं सांगायचं तर त्याला ते मनातून आवडायचं.

पण ह्या आठवड्यात त्याची मतीच गुंग झाली होती. एका बेलरमुळे.

बेलर म्हणजे काय, तर वाळलेलं गवत एका बाजूने गिळायचं, आतल्या आत दाबायचं आणि चौकोनी गठ्ठा बांधून मागून बाहेर ढकलायचा. हा बेलर मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा. म्हणजे तिच्या नवऱ्याचा. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून तो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गंज खात उभा होता. सोमवारी बहिणीने चहा ओतता ओतता सहज सांगावं तसं सांगितलं,

"दादा, शनिवारी भंगारवाला येतोय. एकदा तो बेलर घेऊन गेला की कुरण दुसऱ्या कुणाला तरी देते आणि पोरीकडे जाते राहायला. गठ्ठेच बांधता येत नसतील तर मी इथं बसून करू काय?"

मिस्त्रीने कपबशी खाली ठेवली. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा लांब. राहता राहिली ही बहीण, दोन गल्ल्या सोडून. ती गेली तर संध्याकाळी जायचं कुठे? पण 'जाऊ नकोस' म्हणायला त्याची जीभ रेटेना. तो म्हणाला,

"शनिवारच्या आत चालू करून देतो."

"अरे पण कशाला?"

"कशाला म्हणजे? चालू यंत्र भंगारात घालतात का कुणी?"

झालं! लागला कामाला.

पहिले दोन दिवस झकास गेले. गंजलेली यंत्रं सोडवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतंच. डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून त्याने प्रत्येक सांध्याला पाजलं आणि रात्रभर मुरू दिलं. हट्टी नटांना गॅसची ज्योत दाखवली, शेजारी पाण्याची बादली भरून ठेवली, कारण शेडभर गवताचा भुगा. नट लाल व्हायच्या आत ज्योत बाजूला, पितळी हातोडीने चार टिचक्या, मग पाना. जोर नाही करायचा, नुसतं मनवायचं, पुढे थोडं, मागे थोडं. एकेक नट कुरकुरत, शिव्या देत सुटला. साखळी सुटली. बेअरिंगं फिरायला लागली. बाजूचं मोठं जड चाक, जे सोमवारी दोन माणसांना हललं नव्हतं, ते बुधवारी एका हाताने फिरलं.

फिरलं, पण अर्धंच.

गवत दाबणारा जो दट्ट्या असतो ना, तो चाकाबरोबर हातभर सरकायचा, अगदी लोण्यासारखा, आणि मग ठक! मागे घेतला की मागे यायचा. पुन्हा पुढे, पुन्हा त्याच जागी ठक. मिस्त्रीला काही कळेचना. गंजलेली वस्तू करकरते, घासते, रडते. ठक असं एकदम म्हणत नाही. त्याने कान लावला. ठक. दुसऱ्या बाजूने लावला. ठक. दट्ट्या ज्यांवरून सरकतो त्या पट्ट्या घासून आरशासारख्या केल्या. ठक!

त्यात शेजारचा ट्रॅक्टरवाला दिवसातून तीनदा डोकावायचा.

"काय मिस्त्री, बोलला का बेलर काही?"

"चालता हो."

"नाही, मी म्हटलं लाजत असेल. मी बाहेर थांबतो, तुम्ही दोघं बोला."

गुरुवारी मिस्त्रीने वंगण बदललं. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा आधीचंच घातलं. दट्ट्या वाकलाय की काय म्हणून दोरी लावून मोजला, सरळ होता. मग त्याला वाटलं आपलेच कान गेले. मग वाटलं हात गेले. घरी जाऊन त्याने आपल्या शिलाई मशीनचं चाक उगाच फिरवून पाहिलं, बायकोचं होतं ते. गरगर फिरलं. म्हणजे हात ठीक होते! मग नक्की बिघडलंय काय? आणि आपण हे करतोय कुणासाठी, तिच्यासाठी की स्वतःसाठी? तिला खरंच जायचं असेल तर? ह्या विचाराने तर तो पार गोंधळला, जेवायचंच राहून गेलं.

शुक्रवारी दुपारी त्याने शेवटी करू नये ते केलं. मोठा घण काढला. दट्ट्यावर लाकडाचा ठोकळा धरला आणि हाणायला घण उचलला.

"अरे अरे अरे! काय करतोस?" बहीण दारातून ओरडली. हाताला कणीक तशीच. "फोडतोस का काय त्याला?"

"तू मध्ये बोलू नकोस गं."

"सोमवारपासून तेच ऐकतेय. नाही बोलले. चार दिवस नाही बोलले!" ती आत आली. "कुठं अडतंय?"

मिस्त्रीने चाक फिरवून दाखवलं. ठक.

तिने क्षणभर ऐकलं आणि असं तोंड केलं की जणू दुधावर नजर ठेव म्हणून सांगितलेलं आणि त्याने ते उतू घालवलेलं.

"दादा, सुया खाली बसल्यात का?"

"कुठल्या सुया?"

"अरे देवा." ती सरळ जमिनीवर आडवी झाली, पदर कमरेला खोचलेला, आणि बेलरच्या पोटाखाली हात घालून उंदरांनी जमवलेलं गवत उपसायला लागली. मूठच्या मूठ! मागून दोन वाकड्या, कोयत्यासारख्या लांब सुया दिसल्या, त्यांची टोकं दट्ट्याच्या वाटेत बोटभर वर आलेली. "ह्या गठ्ठ्याला दोरा गुंडाळतात. ह्या वर असल्या की तो खटका मध्ये येतो बघ, तो. दट्ट्याला पुढे जाऊच देत नाही. नाहीतर सुया मोडतील ना. गंज कसला, ह्या खटक्यानं मुद्दाम अडवलंय."

मिस्त्री बघतच राहिला. खटक्याकडे नाही, बहिणीकडे.

"तुला कसं माहीत?"

"मला कसं म्हणजे? अकरा वर्षं दोरा कोण ओवत होतं? ह्यांना गाठीची बाजू कधी जमलीच नाही, हे नुसते ट्रॅक्टरवर बसायचे ऐटीत." ती हसली आणि मग एकदम थांबली. "शेवटच्या दिवशी सुया वर आलेल्या आणि नेमका दोरा संपला. मीच ओरडले, थांबवा म्हणून. घरात गेले दोऱ्याचं नवं बंडल आणायला, तर हे म्हणाले, राहू दे, दमलोय, उद्या बघू." तिने हातावरची सुकलेली कणीक खरवडली. "उद्या दवाखान्यातच."

"मग सोमवारीच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

मिस्त्रीने घण कोपऱ्यात ठेवून दिला.

सुयांच्या सांध्यातच खरा गंज होता, तोही थोडासा. त्याने साखळी काढली, सांध्याला तेल पाजलं, ज्योत दाखवली, टिचक्या मारल्या. तासाभरात सुया कुरकुरल्या आणि तिने दोन्ही हातांनी त्या खाली दाबल्या. खटका आपोआप बाजूला झाला. दट्ट्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मिस्त्रीला आनंद व्हायला हवा होता, पण तो भलत्याच विचारात. बत्तीस वर्षांत असे किती मालक मुकाट दारात उभे राहिले असतील, सगळं माहीत असून? आणि मालकिणी? त्याला आठवेना, कारण त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

शेवटी त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा, काम चालू असताना, आपणहून.

"तुला... जायचंय का पोरीकडे? खरं सांग."

बहीण साखळी परत चढवताना चाकांवरच्या खुणा जुळवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय माहीत, दादा! सकाळी वाटतं जावं, दुपारी वाटतं कशाला. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं," मिस्त्री म्हणाला, आणि अडला. मग एका दमात, "मला वाटतं तू जाऊ नयेस. मला करमणार नाही."

"अस्सं." तिने साखळीची शेवटची कडी बसवली. "मग हे चार दिवसांपूर्वी तोंडाने सांगता येत नव्हतं? लोखंड कशाला बडवत बसलास?"

शनिवारी भंगारवाला आला तेव्हा बेलर शेडमध्ये नव्हताच. ट्रॅक्टरवाल्याच्या ट्रॅक्टरला जोडून कुरणात उभा होता. "ह्या कापणीपुरती थांबतेय, पुढचं पुढे," असं बहिणीने भंगारवाल्याला सांगितलं, पण बोलताना बघत होती मिस्त्रीकडे, त्यामुळे त्याला कळेना की हे 'हो' आहे की 'नाही'. विचारणार तेवढ्यात तिने दोऱ्याचं टोक त्याच्या हातात कोंबलं.

"ओव."

"कुठून?"

"विचारतोयस म्हणजे सुधारलास," ती म्हणाली आणि पुढच्या बाजूला निघून गेली. मिस्त्री दोऱ्याचं टोक धरून चार भोकांसमोर उभा राहिला. पहिलं कुठलं, ते त्याला काही केल्या कळत नव्हतं.