नमद्यातली रेती

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आणि गंमत बघा — यातली अर्धी गोष्ट तीच सगळ्यांना सांगत असते. घरात पाहुणे जमले, चहा झाला, की तिचं सुरू होतं. “हे मला बघायला घोडीवर बसून आले होते. गंगेतून. गुडघ्यापर्यंत भिजलेले.” सुना हसतात. नातवंडं मला त्या घोडीचं नाव विचारतात. मी सांगतो, मैना. आणि त्यांच्याबरोबर हसतो.

उरलेली अर्धी गोष्ट माझ्याजवळ आहे. ती आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? नक्की माहीत नाही. तुम्ही दगडूकाकांना ओळखत नाही, म्हणून कदाचित सोपं जात असेल.

आणीबाणीच्या आधीची वर्षं होती. मी आष्टीच्या गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन म्हणून लागलो होतो. लस टोचायची, मलमपट्टी करायची, नोंदी ठेवायच्या. खरे डॉक्टर परतूरला, आठवड्यातून एखादी चक्कर मारायचे. बाकीचे दिवस लोक मलाच डॉक्टर म्हणायचे. सुरुवातीला एक-दोनदा मी त्यांना दुरुस्त केलं. मग सोडून दिलं. ऐकायला बरं वाटत होतं — हेही आत्ताच सांगून टाकतो.

काळ्या रानात पाऊस पडला की सायकल उपयोगाची नाही. चाकात चिखल भरतो आणि सायकलच आपल्या खांद्यावर येऊन बसते. म्हणून आबारावांनी मला त्यांची घोडी द्यायला सुरुवात केली. आबाराव म्हणजे गावातले जुने, मोठे शेतकरी. उंच माणूस, कमी बोलणारा. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. घरातला पहिला नोकरदार मी. आबारावांनी आपली घोडी माझ्या हातात दिली तेव्हा गावातल्या काही जणांनी नाकं मुरडली. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मला एवढंच म्हणाले की सरकारी कामाला खुशाल न्या, पण तिला गंगेत घालू नका. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

घोड्याचं मला बऱ्यापैकी कळायचं. निदान सांगायला तरी यायचं. लोक आपापली तट्टं घेऊन दवाखान्यासमोर उभे राहायचे आणि मी शिकवायचो — आधी खरारा करा, अंगावरची धूळ काढा, पाठीवर उलटा हात फिरवून बघा. खोगिराखालचा नमदा, म्हणजे लोकरीची जाड गादी, रोज झटका आणि उन्हात वाळवा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळला की त्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. आणि नमदा ओला असला तर खोगीर मुळीच घालायचं नाही. लगाम धरून पायी चालायचं. हे मी किती जणांना सांगितलं असेल? आणि किती तोऱ्यात?

आता दगडूकाकांविषयी. ते गावातले जिनगर. खोगीर, लगाम, तंग, बैलांचे पट्टे — चामड्याचं सगळं काम त्यांच्याकडे. आठवडी बाजारात लिंबाखाली पोतं अंथरून बसायचे. त्या वर्षी त्यांनी मैनेसाठी नवं खोगीर केलं होतं. तिच्या पाठीवर जाड तार वाकवून माप घेतलं, दोनदा भरती उसवून पुन्हा भरली. आबाराव उंच, मी बुटका. त्यांच्या मापाच्या रिकिबीत माझा पाय पोचेना. तेव्हा काकांनी पट्ट्याला वर दोन भोकं पाडली, खाली वाकले, माझा बूट स्वतःच्या हातात धरला आणि रिकिबीत नीट बसवून बघितला. त्या गावात माझ्या पायाला असा हात कोणी लावेल असं मला वाटलं नव्हतं. मी अवघडलो. ते मात्र फक्त माप बघत होते.

हे सगळं सांगून मी लांबण लावतोय का? लावतोय. मुद्द्याशी यायला पाय उचलत नाहीत.

तुळशीची लग्नं झाली होती. पलीकडच्या काठावरच्या गावातून मुलगी बघायला बोलावणं आलं. एसटीने जायचं तर मोठा वळसा, दोन गाड्या बदलायच्या. पण खरं कारण ते नव्हतं. मला घोडीवरून जायचं होतं. आमच्यात कोणी घोड्यावर बसून पोरगी बघायला गेलं नव्हतं, आणि मला त्या गावाने बघावं असं वाटत होतं. आबारावांना मी सांगितलं की परतूरहून लस आणायची आहे. त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही.

उताराला, म्हणजे नदी चालत ओलांडायच्या जागी, पाणी घोडीच्या पोटापर्यंत होतं. मैना आधी बिचकली, मग मुकाट्याने शिरली. पलीकडे निघालो तेव्हा माझी विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि नमदा चिंब. मी खोगीर उतरवलं. नमदा पिळायचा प्रयत्न केला, तो काही पिळला जाईना. मग वाळवंटात उन्हाला पसरला — घोडीच्या पाठीला लागणारी बाजू खाली. खाली! इतरांना शहाणपण शिकवणारा मी. पाव तास थांबलो असेन. मुलीकडचे वाट बघत असतील म्हणून तसाच उचलला, दोनदा झटकला आणि खोगीर चढवलं.

तंग आवळताना मैनेने कान मागे पाडले आणि पोट फुगवलं. मला कळलं. अगदी बराबर कळलं. पायी चाललो असतो तर ते गाव मैलभरसुद्धा नव्हतं. पण पायी जायचं, तर घोडी आणली कशाला? मी तिच्या पोटाला गुडघा लावला, तंग आणखी एक भोक पुढे ओढला आणि चढलो.

मुलगी पसंत पडली. त्यांनाही मी पसंत पडलो. परत येताना मी इतका खुशीत होतो की मैना पुन्हा पुन्हा पाठ खाली घालत होती, तरी मी तिला दुडक्या चालीने हाकत राहिलो. पुन्हा तोच उतार, पुन्हा पाणी.

दिवस मावळायला घरी आलो, खोगीर उतरवलं, आणि हात तिथेच थांबला. पाठीच्या दोन्ही बाजूंना केस गेलेले. उजवीकडे तळहाताएवढी जागा सोललेली, त्यातून पाणी येत होतं. मी औषध लावलं. हौदावर नमदा धुतला, आपटला, पुष्कळ रेती निघाली. मग आबारावांकडे गेलो. काय सांगायचं ते मी वाटेत ठरवलं नव्हतं, खरंच नव्हतं. तोंडातून निघालं, “खोगीर नवीन आहे. भरती कुठंतरी गोळा झालीय. पाठ लागली.”

डॉक्टर म्हणाला — मग झालं.

चार दिवसांनी बाजार होता. माळेगावची जत्रा जवळ आली होती. तिथे घोड्यांचा बाजार भरतो, त्यामुळे आसपासच्या गावांतून काकांकडे खोगिरांची कामं आलेली. वर्षाची त्यांची कमाई बहुतेक त्या एका महिन्यातच होत असावी. त्यांच्यापुढे दोन अर्धवट खोगिरं होती. आबारावांनी मैनेचं खोगीर आणि नमदा त्यांच्यासमोर ठेवला, शांतपणेच. माणसं जमली. मला दवाखान्यातून बोलावून घेतलं.

दगडूकाकांनी खोगीर उलटं केलं. बोटांनी दाबत दाबत सगळी भरती तपासली. मग नमदा घेतला, वास घेतला, आणि आरीने त्याच्या काठाची शिवण उसवली. आतल्या घडीतून तळहातावर रेती पडली. चिमूटभर असेल. त्यांनी ती उन्हात धरली. बारीक होती, चमकत होती. आष्टीच्या काळ्या मातीत तशी रेती कुठून येणार?

“ही गंगंची हाय,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मग माझ्याकडे बघितलं. “डाक्टर, तुम्हीच सांगा. घोडी गंगंत घातल्ती का?”

आरोप नव्हता हो त्यात. त्यांना खरंच वाटत होतं की मी सांगेन. जाणकार माणूस, घोड्याचं कळणारा, शिकलेला. त्यांच्या बाजूने बोलेल असा तिथे मी एकटाच होतो. आणि खरं काय झालं, हे माहीत असलेलाही मी एकटाच.

मी म्हणालो, “नाही. मी परतूरला गेलो होतो.”

एवढंच. याहून जास्त काही बोलावंच लागलं नाही. आबारावांनी मान हलवली. कोणीतरी म्हणालं, काम बिघडलं की म्हातारे असंच करतात, रेती काय, कुठूनही येते. दगडूकाका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तळहात पोत्याच्या कडेला झटकला आणि म्हणाले, “मंग माझंच चुकलं आसंल.”

त्यांना तसं वाटत नव्हतं. ते मला दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यांनाही कळत होतं.

अर्धवट खोगिरं ज्यांची होती, त्यांतल्या एकाने तिथल्या तिथे काम काढून घेतलं. दुसऱ्याने पुढच्या बाजारी. माळेगावला त्या वर्षी आमच्या भागातले घोडे दुसरीकडची खोगिरं घालून गेले. काका नंतर बैलांचे पट्टे करत राहिले. खोगीर त्यांनी पुन्हा केलं नाही — निदान मी तिथे होतो तोवर तरी नाही. वाटेत भेटले तर नमस्कार करायचे, पूर्वीसारखाच. पुढे ऐकलं की त्यांचा मुलगा नव्या जालन्यात मोटारसायकलींच्या सीटा शिवायला लागला, आणि तेही त्याच्याकडे गेले. मी नव्या जालन्यात शेकडो वेळा गेलो. स्टेशनजवळच्या त्या दुकानांच्या ओळीत मात्र कधी शिरलो नाही.

मैनेची पाठ महिन्याभरात भरली. तिथे केस पांढरे आले. ज्याला कळतं त्याला लांबूनही दिसायचे.

माझं लग्न ठरलं, तसा मी बदलीचा अर्ज केला. घरी सांगितलं की शहर जवळ पाहिजे. खरं वेगळंच होतं. नवी नवरी आष्टीला आली असती, शेजारणींना मोठ्या कौतुकाने सांगितलं असतं की हे गंगेतून घोडीवर आले होते — आणि ते पुढच्या बाजारापर्यंत लिंबाखाली पोचलं असतं. म्हणून मी तिला आष्टीत एक दिवसही राहू दिलं नाही. ती अजून म्हणते, तुमचं पहिलं गाव मला दाखवलंच नाही. मी म्हणतो, काय आहे तिथं बघण्यासारखं.

आमची परिस्थिती, नवी नोकरी, त्या गावात माझी जागा नाजूक होती — हे सगळं मी मनाशी अनेकदा मांडून पाहिलं आहे. सगळं खरं आहे. पण त्यातलं काहीही त्या वेळी माझ्या मनात नव्हतं. मनात इतकंच होतं की आबारावांसमोर मी खोटा ठरेन. ज्या माणसाने माझा बूट हातात धरला होता, तो खोटा ठरला तर मला चालणार होतं.

आबाराव गेले. दगडूकाकाही केव्हाच गेले असणार. मी चौकशी केलेली नाही.

परवा नातीचं लग्न ठरलं. घर भरलेलं होतं. बायकोने पुन्हा ती गोष्ट काढली, तसंच रंगवून, आणि शेवटी माझ्याकडे वळून नेहमीसारखं विचारलं, “घातली होती ना हो घोडी गंगेत?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, “हो.”