उरलेलं एंटर

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करावं लागलं तेव्हा घड्याळकाकांचा राग गिऱ्हाइकांवर नव्हता, मोबाइलवर होता. काकू त्याआधीच गेल्या होत्या. मुलगी दूरदेशी, प्रोग्रॅम लिहायच्या नोकरीत. तिनेच लॅपटॉप पाठवला. म्हणाली, "बाबा, प्रोग्रॅमिंग शिका, डोकं चालू राहील."

"डोकं चालूच आहे, बोलायला माणूस नाही," काका म्हणाले. अर्थात फोन ठेवल्यावर, मला. मी समोरच्याच घरात राहतो आणि संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही.

मुलीचे फोन ठरलेले. औषध घेतलं? जेवलात? ठेवू? पण पहिल्यांदा प्रोग्रॅम अडला तेव्हा ती फोनवर ठाणच मांडून बसली, तासभर हलली नाही. मध्येच आईच्या आठवणी काढल्या, स्वतःच्या पाठदुखीचं सांगितलं. त्या दिवशी काका माझ्याकडे येऊन नुसते हसत बसले.

परवा पुन्हा अडलं, दुरुस्तीची पावती करणाऱ्या प्रोग्रॅमवर. काळ्या पडद्यावर प्रोग्रॅम विचारायचा, घड्याळ किती मिनिटं मागे पडतं? काका आकडा टाकून एंटर दाबायचे. मग प्रश्न यायचा, मालकाचं नाव? आणि उत्तराला न थांबताच प्रोग्रॅम पावती दाखवून मोकळा. नाव कोरं.

"आगाऊ दिसतोय," मी म्हणालो.

"आगाऊ नाही. त्याला कुणीतरी आधीच उत्तर देतंय."

काकांनी घड्याळ खोलावं तसा तो प्रोग्रॅम खोलला. नाव आधी विचारलं तर सगळं ठीक, आकड्यानंतर विचारलं की घोटाळा. शेवटी सापडलं. प्रोग्रॅम आकडा उचलायचा, पण त्यामागचं एंटर तिथेच पडून राहायचं, आणि पुढचा प्रश्न तेच उत्तर समजून घ्यायचा. काकांनी ते उरलेलं एंटर गिळून टाकणारी एक ओळ मध्ये घातली. प्रोग्रॅम नावासाठी निमूट थांबला.

"जिंकलात की," मी म्हणालो.

काकांचा चेहरा उतरला. "आता तिला काय विचारू?"

आणि त्यांनी ती ओळ पुसली.

"अहो, चालत होतं ना?"

"गप्प बसा जरा."

मला वाईट वाटलं. चालू घड्याळ बिघडवून पोट भरणारे त्यांनी बाजारात पाहिले होते आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याच माणसाने आता मुलीला फोन लावला, स्पीकरवर.

"बाबा, मीटिंग आहे, पटकन सांगा."

काकांनी सांगितलं. तिला ऐकता ऐकताच कळलं. "आकड्यानंतर एक ओळ टाका, लिहून घ्या." तिने सांगितली ती अक्षरशः काकांचीच ओळ होती. त्यांनी ती एकेक अक्षर शोधत टाकली आणि प्रोग्रॅम चालवला.

"थांबतोय आता?"

पडद्यावर मालकाचं नाव विचारलेलं होतं आणि पुढे कर्सर लुकलुकत होता. काकांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"नाही गं," ते म्हणाले. "तसाच पळतोय."



"असं कसं होईल?" ती म्हणाली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बरं, मीटिंग राहू दे. पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा."

काकांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. इतकं सावकाश वाचताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ती एकदाही घाई करा म्हणाली नाही.