नमुन्यांच्या खोलीतल्या दोघी जावा

धाकटीला त्या प्रयोगशाळेत नोकरी थोरलीनेच लावली, हे थोरली कुणालाही विसरू देत नसे. धाकटीला तर नाहीच नाही. "माझ्या शब्दावर लागलीस हो," असं ती आठवड्यातून दोनदा तरी म्हणायची, आणि धाकटी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी "हो ताई" म्हणायची. या गुणी उत्तराचाच थोरलीला जास्त राग यायचा.

दोघी सख्ख्या जावा. घर एकच होतं. खाली थोरली, तिचा नवरा आणि सासूबाई, वर दीर आणि धाकटी. गुडघे दुखतात म्हणून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंतही न जाणाऱ्या सासूबाई रोज संध्याकाळी अठरा पायऱ्या चढून धाकटीच्या हातचा चहा प्यायला जायच्या. खाली थोरलीने केलेला चहा निवत पडायचा. मग थोरली भांडी जरा जोरात घासायची.

पण इस्पितळाच्या तळमजल्यावरची ती खोली मात्र तिची एकटीची होती. ऑपरेशनमध्ये काढलेलं पित्ताशय असो, गाठ असो, नाहीतर नखाएवढा तुकडा, सगळं बरणीत बुडून तिच्याकडे यायचं. बरणीवरची चिठ्ठी तपासायची, वहीत नोंद करायची, फॉर्मलिन बदलायचं, जुनं फॉर्मलिन मोरीखालच्या पिंपात ओतायचं. बावीस वर्षांत तिच्या हातून एका रोग्याचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर गेला नव्हता. याचा तिला अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

फॉर्मलिन म्हणजे पाण्यात मुरवलेला फॉर्मल्डिहाइड वायू. मांस कुजू नये म्हणून तो त्यातल्या कणाकणाला धरून एकमेकांशी जखडून टाकतो. बरणीतलं मांस आणि बाहेरच्या माणसाचा घसा, यांत तो भेदभाव करत नाही. म्हणून त्या खोलीत रोज सकाळी एक रीत पाळली जायची. मोठ्या डॉक्टरीणबाई दारात येऊन विचारायच्या, "ताई, हवा कशी आहे?" डॉक्टरीणबाईंना बारमाही सर्दी, त्यांना स्वतःला काही कळायचं नाही. मग थोरली खोलीच्या मधोमध उभी राहायची, मान वर करून दोनदा हुंगायची आणि सांगायची, "स्वच्छ." मगच काम सुरू व्हायचं. कधीकाळी तिने दोन फुटलेली झाकणं आणि एक गळका नळ नुसत्या वासावरून शोधून काढला होता. ती गोष्ट नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागे.

धाकटीने पहिल्याच आठवड्यात ती ऐकली आणि खोकली. दुसऱ्या आठवड्यात तिचे डोळे लाल झाले.

"नवीन आहेस म्हणून," थोरली म्हणाली. "सवय होईल."

तिसऱ्या आठवड्यात धाकटीने थोरलीला न विचारता डॉक्टरीणबाईंना सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हवेतला फॉर्मल्डिहाइड मोजणारं तळहाताएवढं यंत्र मागवलं आणि ते दिलं कुणाच्या हातात? धाकटीच्या. का, तर तिला माहितीपत्रक वाचायचा कंटाळा नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई दारात आल्या, थोरली खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, मान वर केली, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय गं, यंत्र काय म्हणतंय?"

थोरलीची मान तशीच वर राहिली. शिपाई हसला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

यंत्र म्हणत होतं, हवा वाईट आहे. थोरली म्हणत होती, स्वच्छ आहे. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी धाकटीने टेबल स्पिरिटने पुसलं आणि यंत्र किंचाळायला लागलं. थोरलीने स्पिरिटचा बोळा यंत्रापासून लांब नेला, परत जवळ आणला, परत लांब नेला. यंत्र दर वेळी फसलं. ती धावतच डॉक्टरीणबाईंकडे गेली. "याला स्पिरिट आणि फॉर्मलिन यातलं कळत नाही हो. आणि म्हणे मोजतंय!"

इथवर तिचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पुढचं मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. यंत्र फळीवर ठेवलेलं असायचं, त्याच्यामागे तिने स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस दडवला. दिवसातून दोनदा ती तो नव्याने भिजवायची. यंत्र सकाळी किंचाळायचं, दुपारी किंचाळायचं, खिडक्या उघडल्या तरी किंचाळायचं. आठवड्याभरात कुणी त्याच्याकडे मान वळवूनही बघेना. धाकटी आकडे लिहून नेई, तेव्हा डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावत. थोरलीला रात्री छान झोप लागायला लागली.

धाकटीचे उमेदवारीचे तीन महिने शुक्रवारी संपत होते. त्यानंतर तिला कायम करायचं की निरोप द्यायचा, हे त्या दिवशी ठरणार होतं. गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई खोलीत आल्या.

"हे यंत्र परत पाठवायचं का? आणि तू, रोज उठून घबराट पसरवतेस, हे बरं नाही."

"मॅडम, यंत्राचं राहू द्या," धाकटी म्हणाली, "पण माझे डोळे उगीच जळतात का?"

"स्पिरिटने फसणार नाही अशी एखादी तपासणी आहे का आपल्याकडे?" डॉक्टरीणबाईंनी थोरलीला विचारलं.

होती तर! फ्रीजमधल्या तपकिरी बाटलीत शिफचं द्रावण होतं. स्लाइडवरच्या पेशी रंगवायला थोरली ते स्वतः बनवायची. दुसऱ्या कुणाला ते धड जमत नसे. मूळचा गडद किरमिजी रंग गंधकाच्या क्षाराने घालवला की ते पाण्यासारखं होतं, आणि फॉर्मल्डिहाइडसारखा आल्डिहाइड भेटला की पुन्हा जांभळं होतं. स्पिरिटला ते भीक घालत नाही.

"दुपारी चारला शिफमध्ये भिजवलेल्या पट्ट्या तुमच्या टेबलावर ठेवते," थोरली म्हणाली. त्या पांढऱ्याच निघणार याची तिला इतकी खात्री होती की तिने कापूससुद्धा काढून फेकला. आता त्याची गरजच नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. तिने गाळणकागदाच्या पट्ट्या भिजवून चार ठिकाणी टांगल्या. नुसत्या हवेनेही पट्टी हळूहळू गुलाबी होते, म्हणून तुलनेला एक बाहेर व्हरांड्यात लावली. डबा खाऊन अर्ध्या तासाने ती परत आली. व्हरांड्यातली पट्टी पांढरी होती. खोलीतल्या चारही जांभळ्या होत्या आणि मोरीजवळची तर वांग्यासारखी.

थोरली मोरीपाशी बसली. पिंपाच्या झाकणाखालचं रबर विरून गेलं होतं, कडेने ओल सुटली होती. तिने नाक जवळ नेलं. काही नाही. झाकण काढून तोंड आत घातलं. काही नाही. डोळ्यांत पाणीही आलं नाही. बावीस वर्षं ज्याच्या सोबतीत काढली, तो तिच्या नाकाशी आता बोलतच नव्हता.

पण डोकं चालू होतं, आणि डोक्यात पहिला विचार आला तो धाकटीचा. ती खरी ठरणार. संध्याकाळी वर जाऊन सासूबाईंना चहासोबत सांगणार.

तिने पंखे लावले. कपाटातून सोडियम बायसल्फाइटचा डबा काढला, त्यातली पूड पाण्यात कालवली आणि मोरीभोवती ओतली. तो क्षार फॉर्मल्डिहाइडला धरून असं बांधून ठेवतो की त्याला हवेत उडता येत नाही. जळक्या काडीसारखा वास तिला लगेच आला; म्हणजे नाक मेलं नव्हतं, त्या एकाच बाबतीत बधिर झालं होतं. नवं रबर घालून तिने झाकण आवळलं, फरशी दोनदा पुसली. तासाभराने नव्या पट्ट्या लावल्या. त्या पांढऱ्या राहिल्या. जांभळ्या चार तिने कोटाच्या खिशात कोंबल्या. आता खोली खरोखर स्वच्छ होती. कुणाच्या जिवाला धोका नव्हता, मग खोटं कोण ठरणार होतं? फक्त धाकटी.

चार वाजता पांढऱ्या पट्ट्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर होत्या. धाकटीला बोलावून घेतलं होतं. यंत्र तिच्या हातात होतं आणि त्यावर जवळजवळ शून्य होतं.

"बघ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकटीने पट्ट्या बघितल्या, यंत्र बघितलं. मग तिने थोरलीकडे वळून मान खाली घातली. "ताई, माझंच चुकलं. तुम्ही मला इथे आणलंत आणि मी तुमच्याच खोलीला नावं ठेवली. आज तर डोळेही जळत नाहीयेत. मी नाजूक आहे, दुसरं काय!"

नाजूक. हा शब्द थोरलीचा होता. धाकटीच्या आधी त्या जागेवर तीन मुली येऊन गेल्या होत्या. एक खोकायची, एकीला दम लागायचा, तिसरीने महिनाभरात राजीनामा दिला. तिघींनाही थोरलीने खोलीच्या मधोमध उभं राहून, मान वर करून, हवा स्वच्छ असल्याचं सांगितलं होतं. तिघीही तिला सॉरी म्हणून गेल्या होत्या.

"थांब," ती म्हणाली. खिशातल्या पट्ट्या तिने टेबलावर टाकल्या. "या दुपारच्या. पिंप गळत होतं. मी बायसल्फाइट ओतून बंद केलं आणि मग दुसऱ्या लावल्या. आणि यंत्रामागे स्पिरिटचा कापूस मीच ठेवत होते."

डॉक्टरीणबाईंनी एक जांभळी पट्टी उचलली आणि सावकाश खाली ठेवली.

"पिंप गळत होतं तर तुम्हाला वास आला नाही?"

"नाही."

"कधीपासून येत नाही?"

थोरलीने आठवायचा प्रयत्न केला. गेलं वर्ष? पाच वर्षं? त्या तिघी होत्या तेव्हा येत होता का? "माहीत नाही," ती म्हणाली.

धाकटी रडत होती. रागाने की वाईट वाटून, ते थोरलीला कळलं नाही. थोरलीच्या ओल्या हातांनी खिशात कोंबलेल्या त्या पट्ट्यांना अजून जरा फॉर्मलिन लागलेलं असावं. धाकटीने एक जवळ घेतली, खोकली आणि डोळे चोळायला लागली. थोरलीने दुसरी उचलून नाकाशी धरली, खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. काही नाही. मग ती धाकटीच्या लाल डोळ्यांकडे बघत राहिली, आणि तिला त्या डोळ्यांचा इतका हेवा वाटला, इतका की असा आयुष्यात कधी कशाचा वाटला नव्हता.