हलूनगा दस्तगीर

आमच्या दस्तगीरचा आवाज असा, की कॅमेऱ्याचं काळं फडकं डोक्यावर घेऊन तो "हलू नगा!" म्हणाला की गल्लीतली गाढवंसुद्धा थबकायची. महाराजांच्या त्या राज्यात कोल्हापुरात फोटो काढणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यात समोरच्याला दटावणारा हा एकटाच. गाव त्याला हलूनगाच म्हणायचं. एकदा एका इनामदाराला त्याने सुनावलं, "सरकार, हनुवटी वर. फोटू काडतोय, फाशी न्हाय देत." इनामदारांनी निमूट हनुवटी वर केली.

आम्ही एकाच तालमीच्या मातीत वाढलो. माझं लग्न ठरलं तेव्हा घरी येऊन म्हणाला, "फोटू माजा आहेर. न्हाय म्हणायचं न्हाय." तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा आणि प्लेटा परमुलखातून यायच्या, म्हणून एका लग्नाला एकच फोटो.

अक्षता पडल्यावर त्याने आम्हा दोघांना अंगणातल्या उजेडात उभं केलं. कागलची ती नवी नवरी मान खाली घालून उभी. आमच्या आत्याने आधीच बजावलं होतं, "नवरीनं परक्या पुरुषाम्होरं तोंड वर करायचं न्हाई." इनामदाराला दटावणारा गडी मित्राच्या बायकोपुढे मात्र विरघळला. "असू द्या वैनी, तुमच्या मनासारखं," एवढंच हळू म्हणाला. त्या फोटोत माझा चेहरा आहे, तिचा नाही. नुसता भांग आणि मुंडावळ्या. "आता घरचीच हाईत की. फुडं काडू निवांत," तो म्हणाला.

पुढं कुठलं आलंय! वर्षाच्या आत गावात प्लेग शिरला. आम्ही माळावर झोपडी बांधून राहिलो, तरी तिला गाठ आलीच. ती गेली. घरभर वडीलधारी माणसं, दिवसा एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. ती आमच्या घरात खुशीने आली की बापाच्या शब्दाखातर, हे विचारायचं राहूनच गेलं. ते मला आयुष्यभर खुपत राहिलं.

दस्तगीर त्यानंतर बदलला. कुठल्याही लग्नात आधी नवरीला मान वर करायला लावायचा. सासवा भांडायच्या, एकदोघांनी त्याला मांडवातून हाकललंही. हा हटायचा नाही. "माणूस म्हंजे काय नुसता भांग हाय व्हय?" म्हणायचा. माझ्याकडे आला की मात्र भिंतीवरच्या त्या फोटोकडे पाठ करून बसायचा.

त्याच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसलो होतो. म्हणाला, "एक सांगायचं ऱ्हायलंय. प्लेट घालायच्या आदी फडक्याखालनं क्यामेऱ्याच्या मागल्या काचंवर तुमी दोगं मला दिसत हुता. तुजा फेटा सुटत आलता. वैनींनी मान वर करून तुज्याकडं बगितलं आनि हसल्या. लई खुशीत हसल्या रं. तू येडा नाकासमोर बगत उबा. मी प्लेट घालंस्तवर मान परत खाली."

"आरं, मग इतकी वरसं बोलला का न्हाईस?"

"तू म्हणाला असतास, मान वर करा म्हणायला तवा तुजी दातखीळ का बसली? काय सांगणार हुतो मी?"

मी ढसाढसा रडलो. सुखाने की दुःखाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी दस्तगीर गेला. तिचं ते हसू पाहिलेला माणूस जगात तेवढा एकच होता. कबरस्तानात त्याच्यावर मूठभर माती टाकताना मला दोघांना माती दिल्यासारखं झालं.